आधी इंजिन उलटं करा

छोट्या रेल्वेच्या, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या, इंजिनांबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. मी ही इंजिनं दुरुस्त करते, विकत नाही. त्यामुळे कोणती कंपनी भारी या भांडणात मला फारसा रस नाही. इंजिन टेबलावर आलं की मी आधी ते उलटं करते आणि मग मुंगीच्या पावलांनी चालवून बघते. चेहरामोहरा, रंग, चकाकी हे सगळं त्यानंतर. खालच्या उत्तरांत हे पालुपद तुम्हाला वारंवार ऐकू येईल, त्याला माझा इलाज नाही.

प्रश्न : मामांच्या माळ्यावरच्या पेटीत बरीच छोटी इंजिनं निघाली. खोकी नाहीत, कागद नाहीत. एकाच्या रुळावर दुसरं बसत नाही. कोणतं काय आहे हे ओळखायला सुरुवात कुठून करू?

सुरुवात काही न करण्यापासून करा. एकाही इंजिनाला अजून वीज देऊ नका आणि ओल्या फडक्यानं पुसूही नका. जुन्या इंजिनांवरचे नंबर आणि पट्टे पुष्कळदा नुसते चिकटवलेले असतात. धुळीबरोबर तेही फडक्यावर उतरले, तर ओळखायचं कशावरून?

आता एक व्हर्निअर कॅलिपर घ्या. इंजिन ज्या रुळावर नीट बसतं, त्याच्या दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतर मोजा. त्याला गेज म्हणतात आणि प्रत्येक मापाला एक नाव आहे. ६.५ मिलिमीटर आलं तर झेड, ९ आलं तर एन, १२ आलं तर टीटी, १६.५ आलं तर एचओ किंवा ओओ, ३२ आलं तर ओ, आणि ४५ आलं तर एक नंबर गेज किंवा बागेत चालणारी मोठी गाडी. रूळ नसेल तर एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर घ्या. ते रुळाच्या मापापेक्षा थोडं कमी येतं. एचओ आणि ओओला साधारण साडेचौदा मिलिमीटर.

बहुतेक लोक इथं थांबतात आणि फसतात. रुळाचं माप सारखं म्हणून इंजिनाचं प्रमाण सारखं असेलच असं नाही. खऱ्या रेल्वेचा स्टँडर्ड गेज १४३५ मिलिमीटरचा. त्याला ८७ नं भागलं की १६.५ येतात, तो झाला एचओ. ब्रिटिश इंजिनं मुळातच अंगानं लहान, आणि सुरुवातीच्या काळातल्या मोटरी त्यांच्या ८७ पट लहान केलेल्या पोटात मावेनात. म्हणून तिथल्या कारखानदारांनी अंग १:७६ केलं आणि रूळ मात्र १६.५ चेच ठेवले. हिशेबानं ते १८.८३ हवे होते. म्हणून ओओचं इंजिन समोरून पाहिलं की पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं. एनमध्येही तसंच: युरोप-अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८, जपानमध्ये बहुतेक १:१५०, आणि रूळ सगळ्यांचे ९ मिलिमीटर. ४५ मिलिमीटरच्या रुळावर तर १:३२ ची स्टँडर्ड गेजची गाडीही चालते आणि १:२२.५ ची मीटर गेजचीही.

मग प्रमाण ठरवायचं कसं? चाकं मोजा. पुढची छोटी चाकं, मधली मोठी, मागची छोटी, या क्रमानं. ४-६-२ आलं तर पॅसिफिक, २-८-२ तर मिकाडो, ४-८-८-४ तर बिग बॉय. डिझेल आणि विजेच्या इंजिनांना हा हिशेब लागू नाही, तिथं बोग्या, म्हणजे पोटाखाली वळणाऱ्या चाकांच्या चौकटी, दोन-दोन आसांच्या आहेत की तीन-तीन, एवढं बघायचं. खरं इंजिन कोणतं हे कळलं की त्याचं एखादं पक्कं माप शोधा आणि मॉडेलच्या मापानं भागा. माझ्या मते मोठ्या चाकांच्या पहिल्या आणि शेवटच्या आसामधलं अंतर सगळ्यांत भरवशाचं. चाकाचा व्यास घेऊ नका. मॉडेलच्या चाकाची कड, म्हणजे फ्लँज, खऱ्यापेक्षा जाड असते आणि ती मावावी म्हणून चाकच थोडं लहान केलेलं असतं. ब्रिटनच्या ए-१ वर्गाच्या पॅसिफिकमध्ये हे आसाचं अंतर १४ फूट ६ इंच, म्हणजे ४४२० मिलिमीटर. मॉडेलवर ५८ आलं तर ओओ, ५१ च्या जवळ आलं तर एचओ. एवढ्या एका मापानं निम्मी भांडणं मिटतात.

यानंतर इंजिन उलटं करा. पोटाखाली लांबट, स्प्रिंगवर दबणारी धातूची पट्टी दिसते का? दिसली तर ते तीन रुळांचं इंजिन आहे आणि मधल्या रुळातून किंवा खुंट्यांतून वीज घेतं. मेर्कलिन या जर्मन कंपनीची एचओ इंजिनं आजही याच पद्धतीनं चालतात. खात्री करायची असेल तर मल्टिमीटरची एक टोकणी डाव्या चाकाला आणि दुसरी त्याच आसाच्या उजव्या चाकाला लावा. मीटर वाजला, म्हणजे दोन्ही चाकं विजेनं जोडलेली आहेत. असं इंजिन दोन रुळांच्या डीसी मार्गावर ठेवलंत तर ठेवता क्षणी शॉर्ट होईल. उलट साधं डीसी इंजिन मेर्कलिनच्या जुन्या एसी ट्रान्स्फॉर्मरला जोडलंत तर जागच्या जागी थरथरून मोटर जळेल. वीज देऊ नका म्हणाले ते यासाठी. अंगावर किल्लीचं भोक दिसलं तर प्रश्नच मिटला, ते चावीचं आहे.

कपलिंगही बोलकं असतं. मागे रुंद दांडी आणि तिच्यावर आकडा असेल तर ब्रिटिश वळण, बंद मुठीसारखी पकड असेल तर अमेरिकन, तारेचा उभा फास असेल तर युरोप खंडातलं. एनमधला चौकोनी ठोकळा मात्र जगभर पसरलेला आहे, त्यावरून देश कळत नाही. शिवाय कपलिंग बदलता येतं, म्हणून ही साक्ष दुय्यम समजायची.

कारखान्याचं नाव, कॅटलॉग क्रमांक आणि देश बहुधा पोटावरच कोरलेले असतात. हॉर्न्बी या ब्रिटिश कंपनीच्या क्रमांकाआधी आर येतो. देशावरून काळाचा अंदाज लागतो: हॉर्न्बीचं उत्पादन १९९० च्या दशकात इंग्लंडमधून चीनमध्ये गेलं, तेव्हा पोटावर ‘मेड इन चायना’ असलेलं हॉर्न्बी इंजिन मामांच्या लहानपणचं असणं शक्य नाही. आणि नावावर फार विसंबू नका. साचे विकले जातात, कंपन्या गिळल्या जातात. इटलीच्या लिमाचे साचे पुढे हॉर्न्बीकडे गेले आणि तीच अंगं नव्या नावानं पुन्हा बाजारात आली. खोकं नवं, आतली हाडं चाळीस वर्षांची, असं पुष्कळदा असतं.

प्रश्न : विकणारा म्हणतो, हे १९२८ साली लंडन-एडिंबरा न थांबता धावलेलं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ आहे. नंबर ४४७२, रंग सफरचंदी हिरवा, एकच धुराडं. फोटो पाठवत आहे. खरं आहे का?

नंबर बरोबर, रंग बरोबर, धुराडंही बरोबर. पण फोटोत धुराड्याच्या खालच्या गोल पेटीकडे बघा. तिच्या दोन्ही कुशींवर, वरच्या अंगाला, एक-एक लहानशी आयताकृती उंचवट्याची पट्टी आहे. ती दिसली की १९२८ विसरा.

हे इंजिन १९२३ साली डॉनकास्टरला बांधलं गेलं, ए-१ वर्गातलं. १९२४ मध्ये त्याला ४४७२ क्रमांक मिळाला. १९२८ चा विनाथांबा प्रवास आणि १९३४ चा ताशी १०० मैलांचा विक्रम त्यानं ए-१ म्हणूनच केला. १९४७ च्या जानेवारीत जास्त दाबाचा बॉयलर बसवून ते ए-३ झालं, आणि त्या बॉयलरमधल्या मोठ्या सुपरहीटरला, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला, पेटीत जागा पुरेना म्हणून कुशीवर ही झाकणं आली. तोवर ४४७२ हा नंबर गेलेला होता. ब्रिटिश रेल्वेच्या काळात ते ६०१०३ होतं, १९५९ साली त्याला जोडधुराडं आणि १९६१ साली धूर उडवणारे उभे पत्रे लागले. १९६३ मध्ये सेवेतून निघालं, एका खासगी मालकानं घेतलं, पत्रे काढले, एकेरी धुराडं परत बसवलं, पुन्हा हिरवा रंग आणि ४४७२ लावला. बॉयलर मात्र ए-३ चाच राहिला.

तेव्हा हिरवा रंग, ४४७२, एकेरी धुराडं आणि कुशीवर झाकणं हे चारही एकत्र दिसले, तर ते १९६३ नंतरचं, जतन केलेलं इंजिन आहे. १९२८ च्या इंजिनाला झाकणं नकोत आणि टेंडर, म्हणजे मागचा कोळशा-पाण्याचा डबा, हवा तो बोळ असलेला. त्या टेंडरमधून चालक मागच्या डब्यात जाऊ शकत, म्हणून त्याच्या पाठीला डब्यासारखा जोडपडदा असतो. तुमच्या फोटोत टेंडरची पाठ दिसत नाही, ती मागवून घ्या. पण १९६३ नंतरही त्याच्यामागे बोळवालाच टेंडर होता, म्हणजे निकाल झाकणांवरच लागेल.

मॉडेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. फोटोतली छपाई सुरेख आहे. फक्त त्याच्यावर लावलेलं साल चुकीचं आहे आणि त्या सालाचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. कारखाने एकाच साच्यातल्या अंगाला दहा नंबर लावतात. खऱ्या त्या-त्या नंबराचं अंग तसंच होतं का, हे तपासायची जबाबदारी आपली.

प्रश्न : वापरलेलं एचओ इंजिन घ्यायचं आहे. विकणारा दहा मिनिटं बघू देणार आहे. तेवढ्यात माल चांगला की वाईट हे कसं ठरवू?

दहा मिनिटं पुष्कळ झाली. पहिली तीन ते उलटं धरून घालवा.

स्क्रूची डोकी बघा. खाचा चेंदलेल्या असतील तर आत कुणीतरी हात घातला आहे, आणि चुकीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन घातला आहे. गोंदाचे ओघळ दिसले तर खाली ठेवून नमस्कार करा. आसांवर केस आणि गालिच्याचे धागे गुंडाळलेले असले तर घाबरू नका, ते फक्त जमिनीवर चाललं आहे एवढंच सांगतात. चाकांच्या धावेवरचा पांढरट मुलामा घासून खालचं पितळ पिवळं दिसू लागलं असेल तर मात्र ते खूप धावलेलं आहे. ज्या चाकांना रबरी कडी आहेत ती नखानं दाबा. कडक, चकचकीत लागली तर बदलावी लागतील. कडी कुठंच मिळणार नसेल तर मग विचार करा.

मग गिअर. आसावर बसवलेला प्लास्टिकचा गिअर वर्षानुवर्षं आवळत जातो आणि एक दिवस आसाजवळ उभा चिरतो. चीर केसाएवढी असते, भिंगाशिवाय दिसत नाही. म्हणून बोटांना विचारा: एका बाजूचं चाक पक्कं धरा आणि त्याच आसावरचं दुसरं चाक हळूच फिरवून बघा. ते सुटं फिरलं तर गिअर किंवा मधली प्लास्टिकची नळी गेली. हे जोर लावून करायचं काम नाही. आणि इंजिन रुळावर ठेवून ढकलून तर मुळीच बघू नका. आजच्या बहुतेक इंजिनांत मोटरच्या दांड्यावर वर्म, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला गिअर, असतो. मोटर चाकं फिरवते, चाकं मोटर फिरवू शकत नाहीत. ढकललंत की दाते तुटतात, आणि तुटले तर तुमच्या हातात.

वाफेच्या इंजिनात आणखी एक गोष्ट. डावीकडची क्रँकपिन, म्हणजे चाकाला दांडा जोडणारी खीळ, थेट वर असेल तेव्हा उजवीकडची नव्वद अंशांवर, म्हणजे आडवी, असायला हवी, आणि सगळ्या मोठ्या चाकांत हे नातं तंतोतंत सारखं असायला हवं. एखादं चाक आसावर किंचित सरकलं की दांडे अडखळतात आणि इंजिन लंगडत चालतं. जाग्यावर आणता येतं, पण ते माझ्यासारखीचं काम आहे, नवशिक्याचं नाही.

आता वीज द्या, अगदी थोडी. बटण इतकं कमी ठेवा की इंजिन जेमतेम निघेल. जोरात तर खेळणंही पळतं, दर्जा दिसतो तो निघताना आणि थांबताना. चांगलं इंजिन सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर या गतीनं न अडखळता सरकतं. खऱ्या रेल्वेच्या हिशेबात ते ताशी पाचेक किलोमीटर, म्हणजे यार्डात डबे जोडायची गती. आत तीन पोलची, म्हणजे फिरत्या गाभ्याला तीनच दात असलेली, मोटर असेल तर ते हिसके देत निघेल, पाच पोलची आणि तिरक्या खाचांची असेल तर तेल ओतल्यासारखं. मोटरच्या दांड्यावर पितळी फ्लायव्हील, म्हणजे जड चकती, असेल तर वीज तोडल्यावर ते एकदम न थबकता थोडं घरंगळेल. पुढे चालवलं तेवढंच मागेही चालवा. एका दिशेला गुपचूप आणि दुसऱ्या दिशेला किरकिर, हा दोष फार आढळतो आणि विकणारे नेमकी चांगली दिशाच दाखवतात.

मार्ग पुरेसा लांब असेल तर घड्याळ लावा. एचओमध्ये ताशी १०० किलोमीटर म्हणजे एक मीटर अंतर सुमारे ३.१ सेकंदांत. यार्डात फिरणारं तीन आसांचं छोटं इंजिन पूर्ण विजेवर याहून किती तरी जोरात सुटलं, तर त्याचा गिअर ठरवताना खऱ्या इंजिनाचा विचार झालेला नाही.

अँपिअर मीटर मिळाला तर सोन्याहून पिवळं. आजची बंद डबीची मोटर एकटं इंजिन ओढताना पाव अँपिअरच्या आसपास घेते. जुनी उघडी मोटर अर्धा घेते, कधी अधिकही. पण पाच मिनिटांत आकडा चढत गेला तर चुंबक मेलेला आहे, ब्रश घासलेत किंवा कुठंतरी आस अडकतो आहे. नाकही वापरा. ठिणग्यांचा तिखट वास थोडा चालतो, जळक्या वार्निशचा नाही.

राहिलं अंग. बॉयलरच्या माथ्यावरून बोट फिरवा. साच्याच्या दोन अर्ध्यांची शिवण लागली तर काम उरकलेलं आहे. रिव्हेट रंगाखाली बुजलेत की टोकदार दिसतात? दोन रंग भेटतात तिथली रेघ सरळ आहे की दातेरी? सर्वांत लहान अक्षर भिंगातून वाचता येतं का? कठड्याचे दांडे वेगळ्या तारेचे आहेत की अंगावरच उठवलेले? हे सगळं बघावं, पण यावर मार्क देताना मी हात आखडता घेते. हल्ली पन्नास सुटे बारीक भाग चिकटवलेली इंजिनं येतात, कपाटात देखणी, आणि खोक्यातून दोनदा काढली की पन्नासाचे त्रेचाळीस. रोज चालवायचं असेल तर उठवलेला कठडा मला चालतो. अडखळणारी मोटर चालत नाही.

प्रश्न : जुन्या धातूच्या इंजिनाचं अंग मधून फुगलंय, रंगाला नकाशासारख्या चिरा पडल्यात. वेल्डिंग किंवा एम-सीलनं भरता येईल का?

नाही. हा मझाक रॉट, मझाक या धातूची कूज. मझाक म्हणजे जस्त, त्यात थोडं अॅल्युमिनियम, जरासं तांबं आणि मॅग्नेशियम. ओतकामाच्या वेळी त्यात शिशासारखी अशुद्धी मिसळली तर धातूच्या कणांमधल्या सीमा आतून पोखरल्या जातात. धातू फुगतो, वाकतो, तडकतो आणि शेवटी करड्या भुकटीसारखा कोसळतो. दमट आणि उष्ण जागी हे लवकर होतं. दोष जन्माच्या दिवशीच शिरलेला असतो, म्हणून वरून भरून काही साधत नाही. एका इंजिनाचं दुसऱ्याला लागतही नाही, तेव्हा बाकीची घाबरून वेगळी ठेवायची गरज नाही.

घेण्याआधी ओळखायचं तर पोलादी पट्टी पायफळीच्या, म्हणजे चाकांवरून लांबीभर जाणाऱ्या पट्टीच्या, कडेला लावा. मधे उजेड दिसला तर सांगाडा कमानीसारखा वाकलाय. एकाच जातीची दोन इंजिनं असतील तर लांबी मोजून बघा, रॉट लागलेलं लांब भरतं. आस भोकात घट्ट बसले असतील तर तीही खूणच, भोकं आतल्या बाजूला फुगतात. तुमच्याकडचं आता उघडू नका, स्क्रू फिरवताना त्याच्याभोवतीचा धातू फुटेल. मोटर, चाकं आणि दांडे बहुधा शाबूत असतात. त्यांच्यासाठी त्याच जातीचं दुसरं अंग किंवा नवं ओतलेलं मिळतं का ते शोधा. आणि जुन्या मझाकच्या इंजिनाला कुणी ‘एकदम निरोगी’ म्हणालं, तर पट्टी खिशातून काढायला लाजू नका.

प्रश्न : खोक्यावर ‘डीसीसी-रेडी’ लिहिलंय म्हणून घेतलं. डिजिटल मार्गावर ठेवलं तर नुसतं गुणगुणतं, हलत नाही. मोटर बाद आहे का?

आधी ते रुळावरून उचला, मग पुढचं वाचा. डीसीसी म्हणजे रुळांतून डिजिटल संदेश पाठवून इंजिन चालवायची पद्धत, आणि डिकोडर म्हणजे ते संदेश वाचणारी इंजिनातली चकती. रेडी म्हणजे आत डिकोडर लावायला सॉकेट आहे. डिकोडर नाही. सॉकेटमध्ये एक बिनकामाचा वाटेल असा छोटा तुकडा बसवलेला असतो, तो साध्या डीसीवर चालवण्यासाठी वीज सरळ मोटरकडे सोडतो. डिजिटल मार्गावरची वीज सतत दिशा बदलत असते, म्हणून मोटर पुढे-मागे थरथरते, गुणगुणते आणि तापते. साधी मोटर थोडा वेळ सोसते. कोअरलेस मोटर, जिच्यात लोखंडी गाभा नसतो, ती फार लवकर जळते.

डिकोडर घेण्याआधी सॉकेट बघा: सहा पिनांचं, आठ पिनांचं, एकवीस पिनांचं, प्लक्स की नेक्स्ट-१८. एकाचा डिकोडर दुसऱ्यात बसत नाही. नवा डिकोडर बहुधा ३ या पत्त्यावर येतो. तारा जोडाव्या लागल्या तर लाल-काळी रुळांकडून, नारिंगी-करडी मोटरकडे, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सामाईक. हे रंग ठरलेले आहेत.

कुणी ‘चांगला डिकोडर आत आहे’ म्हणून वापरलेलं इंजिन विकत असेल तर प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडर वाचायच्या वेगळ्या रुळावर, सीव्ही ८, डिकोडरच्या स्मृतीतला आठ नंबरचा कप्पा, वाचायला सांगा. तिथं बनवणाऱ्याचा क्रमांक असतो: ९९ लेंझ, १४५ झिमो, १५१ ईएसयू. खोकं खोटं बोलू शकतं, सीव्ही ८ सहसा नाही.

प्रश्न : जड इंजिन म्हणजे चांगलं इंजिन, हे खरं का? आणि पितळी हातबनावटीची मॉडेलं प्लास्टिकपेक्षा सरस असतात का?

वजन फिरणाऱ्या चाकांवर पडलं तर उपयोग. धातूची चाकं धातूच्या रुळावर स्वतःवरच्या वजनाच्या साधारण पंचमांश ते पाव एवढं ओढतात, रबरी कड्यांनी त्यात भर पडते. काही जुन्या इंजिनांत मोटर टेंडरमध्ये असते. तिथं पुढचं इंजिन हातात कितीही भरीव लागलं तरी ते नुसतं ढकललं जातं, आणि कधी कधी त्याची मोठी चाकं न फिरता घसरतात. सारख्या जातीची दोन समोर असतील तर जड घ्या. वेगळ्या जातीची असतील तर वजन विसरा, डबे जोडून बघा.

पितळी मॉडेलं जपानमध्ये आणि पुढे कोरियात थोड्या संख्येनं हातानं जोडली गेली, आणि अंगाचं काम काहींचं आजही अवाक करणारं आहे. पण जुन्यांत आतली मोटर आणि गिअर पुष्कळदा साधेच असतात. ती बघायची वस्तू म्हणून घ्या. एक करा, जुन्या खोक्यातला स्पंज आजच काढून फेका. तो चिकट होऊन रंगाला लागतो आणि रंगासकट निघतो.

प्रश्न : वीस वर्षं न चाललेलं इंजिन आहे. थोडं तेल सोडून थेट चालवू का?

थेट नको. जुनं ग्रीस आता मेणासारखं घट्ट झालेलं असणार, त्यावर तेल सोडलं तर ते वरून वाहून कम्युटेटरवर, म्हणजे मोटरमध्ये ब्रश घासतात त्या भागावर, जाईल. अंग काढा, गिअरवरचं ग्रीस लाकडी काडीनं खरवडा, चाकांची धाव आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पण रंगाला थेंब लागू देऊ नका. मग प्लास्टिकला चालणारं तेल सुईच्या टोकानं, प्रत्येक आसाला एक ठिपका. गिअरला ग्रीस, तेही प्लास्टिकला चालणारं. कमी विजेवर दोन्ही दिशांना आळीपाळीनं, डबे न जोडता, अर्धा तास फिरू द्या. मधेच बोट लावून मोटर बघा. बोट ठेवता येत नसेल इतकी तापली तर बंद करा आणि ब्रश बघा.